प्रचाराची मिनिटं वाहिन्यांनीच का छापू नयेत?

गिरगावकर

२०२४ च्या लोकसभेचा निकाल लागून दोन आठवडे झाले. डोकी थंड झाली असतील या आशेवर लिहितो.

१७ मेची संध्याकाळ आठवा. शिवाजी पार्कात नरेंद्र मोदी आणि राज ठाकरे एका मंचावर, आणि त्याच वेळी बीकेसीत उद्धव ठाकरे, शरद पवार, खर्गे, केजरीवाल. मुंबईच्या सहा जागांचं मतदान २० तारखेला, म्हणजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भोंगे बंद होणार होते. दोन सभांच्या मधे मिठी नदी, आणि वाहिन्यांकडे पडदा एकच. मी वही घेऊन टीव्हीसमोर बसलो. बँकेत पस्तीस वर्षं कीर्द-खतावणी लिहिलेला हात आहे, रिकामा राहत नाही. कुणाची सभा पूर्ण पडद्यावर, कुणाची कोपऱ्यातल्या चौकोनात आवाज बंद करून, जाहिरातीसाठी कुणाचं वाक्य अर्ध्यात तोडलं आणि कुणासाठी जाहिरातच थांबली, असे रकाने पाडले.

आकडे देत नाही. रिमोट एक आणि मराठी-हिंदी मिळून वाहिन्या डझनभर, त्यामुळे या वहीला पुरावा म्हणून कुणी विचारणार नाही. शिवाय साडेआठला आमच्याकडे मालिका लागते आणि त्या बाबतीत मी कधीच शरणागती पत्करलेली आहे.

पण हा हिशेब मी का ठेवायचा? वाहिनीकडे सेकंदासेकंदाची नोंद असते. साबणाची दहा सेकंदांची जाहिरात किती वाजून किती मिनिटांनी लागली याचा दाखला ती जाहिरातदाराला बिलाबरोबर देते. दाखवलेलं सगळं ९० दिवस जपून ठेवायचं, ही तर परवान्याचीच अट आहे. म्हणजे १७ मेची ती संध्याकाळ आज, मी हे लिहितोय त्या घटकेला, त्यांच्याकडे पडून आहे.

मागणी छोटी आहे. आचारसंहिता लागल्यापासून मतदान संपेपर्यंत प्रत्येक वृत्तवाहिनीने दर आठवड्याला छापावं: कुठल्या पक्षाची सभा किती मिनिटं थेट दाखवली, कुणाची मुलाखत किती मिनिटांची, चर्चेत कुणाचे प्रवक्ते किती वेळा बसले. समान वेळ द्या असं मी म्हणतच नाही. एकतर्फी दाखवायचं तर खुशाल दाखवा, फक्त किती ते सांगा.

ठसका

काका, टीव्ही बघतं कोण? माझ्या लोकलच्या डब्यात सगळ्यांच्या हातात फोन. प्रचार रील्सवर झाला आणि तुम्ही अजून रिमोटचा हिशेब मांडताय.

गिरगावकर

त्या रीलच्या कोपऱ्यात लोगो कुणाचा असतो तेवढं बघ बाळा.

कमळाकर

आकडे द्यायचे नाहीत आणि संशय मात्र पेरायचा! तुमच्या वहीत काय लिहिलं असेल ते मी न बघता सांगतो, कारण असे धागे नेहमी एकाच बाजूला झुकलेले असतात.

आता माझं ऐका. २० मे, मुंबईत मतदान चालू. मतदान मुद्दाम संथ केलं जातंय असा आरोप करत उद्धव ठाकरे भर दुपारी पत्रकार परिषद घेतात आणि वाहिन्या ती थेट दाखवतात. रांगेत उभ्या माणसाच्या हातात फोन आहे, फोनवर ठाकरे आहेत. आशिष शेलारांनी निवडणूक आयोगाकडे तक्रार केली ती याचसाठी. तेव्हा कुठे गेली होती निःपक्षपाताची चाड? दोन वर्षं मराठी वाहिन्यांवर ‘गद्दार’ आणि ‘खोके’ हे दोन शब्द किती वेळा वाजले, तेही मोजा की वहीत.

दुसरं. सप्टेंबर २०२३ मध्ये इंडिया आघाडीने १४ अँकरांची यादी काढून त्यांच्या कार्यक्रमांवर बहिष्कार घातला. स्वतः जायचं नाही, आणि मग आमची मिनिटं कमी भरली म्हणून ओरडायचं? एक्झिट पोलच्या चर्चेलाही काँग्रेस आधी जाणार नव्हती, मग दुसऱ्या दिवशी मन बदललं. गिरगावकरांच्या तक्त्यात याला रकाना आहे का? ‘बोलावलं होतं, आले नाहीत’ असा?

मशालीखाली अंधार

कमळाकर, पत्रकार परिषद ही बातमी असते हो. कुर्ला, धारावीपासून पवईपर्यंत लोक उन्हात तासन् तास उभे होते, ते दिसत होतं. त्यावर एक पक्षप्रमुख बोलला तर ते दाखवायचं नाही?

आणि आयोगाचं म्हणाल तर आमच्या प्रचारगीतातल्या ‘जय भवानी’वर आणि ‘हिंदू’ शब्दावर आक्षेप घेणारा हाच आयोग. जय भवानी! महाराष्ट्रात! उद्धवसाहेबांनी शब्द काढायला नकार दिला म्हणून तो राहिला.

रनडाऊन

एका मराठी वाहिनीच्या असाइनमेंट डेस्कवर नऊ वर्षं काढली, आता त्या धंद्यात नाही. वाहिनीचं नाव विचारू नका.

लोकांना वाटतं, वरून फोन येतो आणि सभा लाइव्ह होते. येतही असतील फोन. मला कधी आला नाही, कारण माझ्यापर्यंत फोन यायची गरजच पडत नाही. मोठ्या सभेला कॅमेरे पक्षच लावतो. क्रेन, ड्रोन, मंचासमोर रुळावर फिरणारा कॅमेरा, सगळं तिथेच मिक्स होतं आणि तयार फीड वाहिन्यांना फुकट मिळतं. आमचा कॅमेरामन पत्रकारांच्या माचावर, पाठीला चित्र पाठवणारं यंत्र (बॅकपॅक), आणि मैदानातले हजारो मोबाईल एकदम चालू झाले की त्याचं नेटवर्क मान टाकतं. पीसीआरमधल्या, म्हणजे प्रक्षेपणाच्या नियंत्रण कक्षातल्या, माणसासमोर दोन चित्रं असतात. एक चकचकीत, दुसरं दर मिनिटाला गोठणारं. तो कुठलं उचलेल? त्या चकचकीत फीडमध्ये रिकामी खुर्ची दिसत नाही. टाळी वाजली की गर्दी, नेता थांबला की चेहरा, आणि हे ठरवणारा माणूस पक्षाच्या पैशावर बसलेला. आमच्याकडे त्यावर आमचा लोगो चढतो आणि खाली आमची पट्टी. बघणाऱ्याला वाटतं, वाहिनीने काय जोरदार कव्हरेज केलंय!

यात संपादकाचं मत शोधायला जाल तर हाताला काही लागणार नाही. ज्याच्याकडे क्रेन जास्त, त्याची सभा लांब. छोट्या पक्षाची सभा दाखवायची तर थेट प्रक्षेपणाची ओबी व्हॅन पाठवा, डिझेल, तीन माणसं, त्यांचे जेवणाचे पैसे. मग नेत्याच्या दोन वाक्यांच्या एका बाइटवर भागवतात.

बरं, रेटिंगसाठी दाखवतात म्हणावं तर तेही अर्धंच खरं. टीआरपीतल्या घोटाळ्याच्या आरोपांनंतर ऑक्टोबर २०२० पासून, प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्कने वृत्तवाहिन्यांचे आकडे थांबवले होते, ते मार्च २०२२ मध्ये परत आले, तेही चार आठवड्यांच्या सरासरीने. म्हणजे १७ मेच्या त्या एका संध्याकाळी कुठली सभा जास्त बघितली गेली हे वाहिनीलाही धड कळत नाही. तरी सकाळच्या मीटिंगमध्ये सगळे छातीठोक सांगतात, लोकांना हेच हवंय.

म्हणून गिरगावकर काका, मिनिटं नंतर छापा. आधी एक पट्टी सक्तीची करा: ‘हे चित्रण पक्षाने पुरवलेलं आहे’. कोपऱ्यात, बारीक अक्षरात चालेल. माझ्या मते निम्मी जादू तिथेच उतरते.

ठसका

हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे ड्रोनवरून दिसणारी ती गर्दी पक्षाने स्वतःच काढलेली?

रनडाऊन

मोठ्या सभांना बहुतेक वेळा. सगळे मोठे पक्ष करतात, एकट्या कुणाचं नाव घेत नाही.

वनरूम किचन

घाटकोपरला राहते, म्हणून घाटकोपरचं सांगते. १३ मेच्या वादळात छेडानगरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं, १७ माणसं गेली. १५ मेला एलबीएस मार्गावर पंतप्रधानांचा रोड शो. त्यासाठी संध्याकाळी जागृतीनगर ते घाटकोपर मेट्रो बंद ठेवली होती, मी त्या गर्दीत अडकले होते. घरी पोचले तर टीव्हीवर फुलांचा पाऊस. थोड्या वेळाने तीच दृश्यं आणि त्यावर संजय राऊतांची टीका. मग होर्डिंगला परवानगी कुणाच्या काळात मिळाली यावर दोन्ही बाजूंचे प्रवक्ते एकमेकांच्या अंगावर.

आता गिरगावकर काका, ही मिनिटं कुणाच्या खात्यावर जमा करायची? रोड शो दाखवला म्हणून भाजपच्या? पण त्यातला बराच वेळ त्यांना शिव्या बसत होत्या. भांडण झालं ते कुणाचं? आणि ज्यांची माणसं गेली त्यांचा तर यात रकानाच नाही. तुमची खतावणी इथे जुळत नाही, मला तरी जुळवता आली नाही.

गिरगावकर

नाही जुळत. कबूल. त्या दिवशीच्या पानावर मी नुसतं ‘घाटकोपर’ लिहून सोडून दिलंय.

ओव्हलचा कट्टा

काही वर्षं लंडनला नोकरीला होतो म्हणून तिकडचं सांगतो. त्यांच्याकडे ४ जुलै २०२४ ला मतदान. ऑफकॉम नावाची नियामक संस्था आहे आणि बातम्या, मग त्या खासगी वाहिनीच्या का असेनात, ‘योग्य तेवढ्या निःपक्षपणे’ दिल्या पाहिजेत असा दंडक आहे. समान मिनिटं असं तिथेही नाही. पक्षाला पूर्वी किती मतं पडली, आता किती पाठिंबा दिसतो, यावरून कव्हरेजचं वजन ठरतं. मतदान सुरू झालं की ते संपेपर्यंत टीव्हीवर निवडणुकीच्या मुद्द्यांची चर्चा बंद.

कमळाकरांच्या ‘आले नाहीत’ रकान्याचंही उत्तर तिथे मिळालेलं आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये चॅनल फोरने हवामान बदलावर पक्षनेत्यांची चर्चा ठेवली. पंतप्रधान बोरिस जॉन्सन आले नाहीत. वाहिनीने त्यांच्या जागी बर्फाची मूर्ती ठेवली, ती कार्यक्रमभर वितळत राहिली. हुजूर पक्षाने तक्रार केली, ऑफकॉमने नियमभंग झाला नाही म्हणून सांगितलं. न येणाऱ्याने कार्यक्रमच अडवावा असं होऊ द्यायचं नाही, एवढं तर आपल्यालाही घेता येईल. आपल्याकडे मे महिन्यात माजी न्यायमूर्ती मदन लोकुर, अजित शहा आणि संपादक एन. राम यांनी मोदी आणि राहुल गांधींना जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं होतं. राहुल हो म्हणाले, चर्चा झाली नाही. एकाही वाहिनीने दोन खुर्च्या मांडून बघायला हरकत नव्हती.

कमळाकर

बर्फाची मूर्ती! मुंबईच्या मे महिन्यात! पहिल्या ब्रेकच्या आत पाणी.

आणि लंडनचं कौतुक पुरे. तिथे जीबी न्यूज वाहिनीवर खासदारच कार्यक्रम चालवत होते ना?

ओव्हलचा कट्टा

होते. आणि मार्च २०२४ मध्ये ऑफकॉमने त्यांच्या पाच कार्यक्रमांत नियम मोडल्याचं जाहीर केलं, कारण बातम्या सांगायला राजकारणी बसवले होते. दंड मात्र झाला नाही. म्हणजे तिकडेही सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाहीये.

तळटीप

हायकोर्टात वकिली करते. काकांच्या हेतूबद्दल शंका नाही, पण या धाग्याला माझा विरोध आहे, आणि तो कमळाकरांच्या कारणासाठी नाही.

आधी आहे तो कायदा कसा चालतो ते बघू. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६ सांगतं की मतदान संपण्याआधीचे ४८ तास त्या मतदारसंघात टीव्हीवरून निवडणूकविषयक काही दाखवायचं नाही. हे १९५१ च्या कायद्यातलं कलम. २०२४ ला मतदान १९ एप्रिल ते १ जून, सात टप्पे, आपल्या राज्यातच पाच. १८ मेच्या संध्याकाळी मुंबई शांत झाली आणि १९ मेला मुंबईच्याच घराघरांत झारखंडातली मोदींची सभा आणि फुलपूरला राहुल-अखिलेशच्या सभेत बॅरिकेड तोडून घुसलेली गर्दी थेट दिसत होती. शेवटच्या टप्प्याच्या शांतता काळात मोदींचं कन्याकुमारीचं ध्यान सगळ्या वाहिन्यांवर. काँग्रेसने तक्रार केली. कायद्याच्या भाषेत ती सभा ‘दुसऱ्या मतदारसंघाची’ आणि ध्यान ‘वैयक्तिक’. टीव्हीला मतदारसंघाची हद्द कळत नाही, आणि कायद्याला टीव्ही कळत नाही.

आता काकांच्या तक्त्याबद्दल. तो खोटा छापला तर कुणी पकडायचा? वाहिन्यांची स्वतःची यंत्रणा म्हणजे एनबीडीएसए. सभासद व्हायचं की नाही ते वाहिनीच्या मर्जीवर आणि दंड जास्तीत जास्त एक लाख रुपये. आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये, सुशांतसिंह प्रकरणातल्या मीडिया ट्रायलवर निकाल देताना, या स्वनियमनाला कायद्याचं पाठबळ नाही असं स्पष्ट म्हटलं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही ऑगस्ट २०२३ मध्ये एक लाखाच्या दंडाने कुणाला जरब बसणार असा सूर निघाला. प्राइम टाइममधल्या जाहिरातींपुढे ती रक्कम किती, ते रनडाऊन सांगतील.

मग सरकारी नियामक आणायचा? केरळच्या मीडियावन वाहिनीचा परवाना सुरक्षेचं कारण देऊन रोखला होता, कारण काय ते वाहिनीला सांगितलंसुद्धा नव्हतं. बंद लिफाफ्यात न्यायालयाला दिलं. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उठवली, तोवर वर्षाहून जास्त काळ गेला होता. ज्याच्या हातात परवाना, त्याच्याच हातात काकांचं मोजमापाचं घड्याळ दिलं तर ते फक्त नावडत्या वाहिनीसाठी वाजेल.

आणि मोजून वेळ देण्याचा प्रयोग आपण केलेला आहे, दूरदर्शनवर. १९९८ पासून मान्यताप्राप्त पक्षांना निवडणुकीत दूरदर्शन आणि आकाशवाणीवर फुकट वेळ मिळतो. मिनिटं अगदी मोजून मापून. पण भाषण आधी लिहून द्यावं लागतं आणि ते तपासलं जातं. गेल्या महिन्यात सीताराम येचुरींना ‘कम्युनल ऑथोरिटेरियन रेजीम’ हे शब्द गाळायला लावले, ‘ड्रॅकोनियन’ कायदे म्हणता आलं नाही, ‘बँकरप्सी’च्या जागी ‘फेल्युअर’ घालायला सांगितलं. प्रसार भारतीचं म्हणणं, हे सगळ्यांनाच लागू आहे, मुख्यमंत्र्यांनाही शब्द बदलायला सांगितलेत. असेलही. पण मिनिटं बरोबर आणि वाक्य दुसऱ्याचं, हा निःपक्षपात मला नको.

मशालीखाली अंधार

दूरदर्शनवरून आठवलं. एप्रिलमध्ये, पहिल्या टप्प्याच्या तोंडावर डीडी न्यूजचा लोगो भगवा झाला. भगव्याशी आमचं काही वाकडं नाही, पण मुहूर्त बघा! प्रसार भारतीचे माजी प्रमुख जवाहर सरकार यांनीच त्यावर टीका केली होती.

कमळाकर

तेच जवाहर सरकार ही टीका केली तेव्हा तृणमूलचे खासदार होते, हे सांगायचं राहिलं का?

तळटीप

खासदार होते, खरं आहे. हेही खरं आहे की २०१४ च्या प्रचारात दूरदर्शनने मोदींच्या मुलाखतीतला काही भाग कापला, तेव्हा सरकार काँग्रेसचं होतं आणि प्रसार भारतीला हवी तेवढी स्वायत्तता मिळालेली नाही असं पत्र लिहिणारे हेच जवाहर सरकार होते. तेव्हा ते खासदार नव्हते. कात्री कुणाच्याही हातात असली की कापतेच, एवढंच मला म्हणायचं होतं.

ठसका

आणि मोदींच्या प्रचाराचा तो नमो टीव्ही? मी तेव्हा कॉलेजात होते. ३१ मार्च २०१९ ला डीटीएचवर अचानक उगवला आणि मतदान संपता संपता गेला. तो वृत्तवाहिनी नव्हताच, ‘प्लॅटफॉर्म सेवा’ होता म्हणे. आयोगाने रेकॉर्डेड मजकूर आधी प्रमाणित करून घ्या म्हणून सांगितलं, बस्स. काकांचा नियम ‘प्रत्येक वृत्तवाहिनी’ला लागू. मग असला पाहुणा त्यातून आरामात निसटणार. आणि यूट्यूबवरचे हजार जण वेगळेच.

रनडाऊन

तळटीप ताई, दंडाचं विचारलंत. एवढ्या रकमेसाठी बुलेटिनचा रनडाऊन, म्हणजे बातम्यांचा क्रम, कुणी बदलत नाही. पण माफी पडद्यावर चालवायला लावली की मात्र धावपळ होते. मग ती पट्टी पहाटे कधी लावायची यावर एचआरपासून सेल्सपर्यंत सगळे बसतात.

वनरूम किचन

एक्झिट पोलबद्दल कुणीच बोलेना. १ जूनला एका संस्थेने एनडीएला ३६१ ते ४०१ दिले होते. आले २९३.

कमळाकर

चुकणं म्हणजे पक्षपात नव्हे. त्या संस्थेचा प्रमुख ४ तारखेला टीव्हीवरच रडला, बघवलं नाही. वायव्य मुंबईत तर मशिनच्या मोजणीत कीर्तिकर एका मताने पुढे आणि टपाली मतं धरून वायकर ४८ ने विजयी. असल्या लढतीचा अंदाज कोण बांधणार?

गिरगावकर

सगळं वाचलं. चष्मा दोनदा पुसला.

तळटीप ताई, घड्याळ सरकारच्या हातात देऊ नये, हे पटलं. पण मी घड्याळ कुणाच्या हातात द्या असं म्हटलंच नव्हतं. वाहिनीने स्वतःचं छापावं. खोटं छापलं तर ९० दिवसांचं रेकॉर्ड आहे, आणि माझ्यासारखे रिकामटेकडे शहरात पुष्कळ आहेत. बँकेतही ऑडिटर वर्षातून एकदाच यायचा, पण रोजची कीर्द आपली आपणच लिहायचो आणि लिहावी लागते म्हणूनच हात जरा जपून चालायचा.

रनडाऊन यांची पट्टी मात्र माझ्या मागणीपेक्षा वरचढ आहे. ती पहिल्या क्रमांकावर घेतो. कमळाकरांचा ‘बोलावलं होतं, आले नाहीत’ हा रकानाही घेतो, तो मला सुचायला हवा होता. घाटकोपरचं अजून सुटलेलं नाही.

विधानसभा २०२४ अखेर आहेच. तेव्हा मी पुन्हा बसणार. आणखी कुणी एकेक वाहिनी वाटून घेतली तर निदान रिमोटची अडचण सुटेल.

ठसका

मी शीट बनवून देते. एक वाहिनी माझी, पण यूट्यूबवरून बघणार.

कमळाकर

मीही एक घेतो. तुमच्यावर सोडणार नाही. आणि आधीच सांगून ठेवतो, मतदानाच्या दिवशी कुणी पत्रकार परिषद घेतली तर मी ती ‘प्रचार’ या रकान्यात टाकणार.

मशालीखाली अंधार

मी ‘बातमी’त टाकणार.

गिरगावकर

टाका. दोन्ही पानं तशीच ठेवू, खाडाखोड करायची नाही.